शून्यसुद्धा जाऊन लिहायचं

खटाव तालुक्यातल्या एका हायस्कुलावर नुकत्याच रुजू झालेल्या भूगोलाच्या शिक्षिकेनं मला विचारलं आहे : "तुम्ही इतकी वर्षं भूजलाचं काम केलंत. शाळेत शिकलेलं त्यात नेमकं काय उपयोगी पडलं? आमच्याकडं भूगोल म्हणजे चाळीस गुणांचा पेपर आणि नकाशा भरणं. शिक्षकाचा परिणाम आयुष्यभर टिकतो असं ५ सप्टेंबरला सगळेच म्हणतात. तुमच्या बाबतीत तो खरोखर टिकला का? आणि कशानं?"

ताई, टिकला. आजही विहिरीच्या कठड्यावर वाकलो की आमचे भूगोलाचे सर शेजारी उभे आहेत असं वाटतं. पण "सरांनी घडवलं" एवढंच लिहून थांबलो तर तुमच्या पदरात काही पडणार नाही. म्हणून त्यांनी काय काय केलं ते जमेल तेवढं बारकाईनं सांगतो. त्यातलं बरंचसं तुम्हाला येत्या जूनपासून करता येईल.

माझं गाव वर्धनगड किल्ल्याच्या पूर्वेला, येरळा नदीच्या खोऱ्यात. ७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी नऊ वर्षांचा. आई-वडील खडी फोडायला जायचे आणि आम्ही पोरं सुकडीच्या वाटपाकडं डोळे लावून बसायचो. पाणी हा आमच्याकडं अभ्यासाचा विषय नव्हताच, ती रोजची काळजी होती. १९७६ साली आठवीला हायस्कुलात गेलो तेव्हा हे सर भूगोलाला आले. ते स्वतः साताऱ्याला बोर्डिंगात राहून, सुट्टीत कामं करून शिकलेले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग सुरू केलं, त्या परंपरेत वाढलेला माणूस. हातानं काही केल्याशिवाय ते कळत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

एक आधीच सांगतो. सर चांगले वक्ते नव्हते. आवाज बारीक, फळ्यावरचं अक्षर तिरकं. मराठीच्या सरांचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातली पोरं कान देऊन ऐकायची. आमच्या सरांच्या तासाला तसं कधी झालं नाही. त्यामुळे आपल्याला रंगवून सांगता येत नाही अशी खंत तुम्हाला असेल, तर ती सोडून द्या.

पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी डालड्याचा एक रिकामा डबा आणला. गावातल्या लोहाराकडून पत्र्याचं नरसाळं करून घेतलं, तोंड बरोबर १५ सेंटिमीटर. डब्यात एक बाटली ठेवली, तिच्यावर नरसाळं बसवलं आणि डबा शाळेच्या मैदानात अर्धा जमिनीत पुरला. नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर राहील अशी. डबा कुठं पुरायचा यावर आमचा अख्खा तास गेला. कुणी म्हणालं व्हरांड्याजवळ, कुणी म्हणालं लिंबाखाली, म्हणजे ढोरं तुडवणार नाहीत. सर म्हणाले, "झाड किती उंच आहे ते मोजा. त्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर डबा हवा. नाहीतर पाऊस झाडाचा मोजाल, आभाळाचा नाही." मग झाडाची उंची कशी मोजायची, हा दुसरा तास. काठी, तिची सावली आणि झाडाची सावली. गणिताच्या तासाला समरूप त्रिकोण फळ्यावर आले तेव्हा आमच्या वर्गाला ते आधीच भेटलेले होते.

मोजायला त्यांनी औषधाची सरळ काचेची जुनी बाटली आणली होती, आतला व्यास ५ सेंटिमीटर. नरसाळ्याचा व्यास तिच्या तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. म्हणजे आभाळातून १ मिलिमीटर पाऊस पडला की या बाटलीत पाणी ९ मिलिमीटर चढणार. आमच्याकडं पाऊस मुळात थोडा, दोन-तीन मिलिमीटरचा. सपाट डब्यात पट्टी बुडवून तो वाचताच येत नाही, बाटलीत स्वच्छ वाचता येतो. वेधशाळेच्या पर्जन्यमापकातलं मोजपात्रही याच हिशोबानं अरुंद असतं, हे मला पुढं कॉलेजात कळलं. नववीतल्या पोराला तो हिशोब पाठ होता, कारण मोठा पाऊस झाला की ती बाटली चार-चारदा भरून ओतायचं काम त्याच्याकडं असायचं.

नोंद सकाळी साडेआठला. देशभरातल्या वेधशाळा त्याच वेळी पाऊस मोजतात, म्हणून आपणही त्याच वेळी. पुण्याला, नागपूरला, महाबळेश्वरला आत्ता या मिनिटाला कुणीतरी आपल्यासारखंच वाकून बघतंय, असं सर म्हणायचे. आमच्या गावात तेव्हा एसटी दिवसातून दोनदा यायची. बाहेरच्या जगाशी आपलं काही नातं आहे हे मला पहिल्यांदा त्या साडेआठच्या ठोक्याला जाणवलं.

पाळ्या लावलेल्या होत्या, प्रत्येकाचा एक आठवडा. रविवारी जायचं, सुट्टीत जायचं, पाऊस नसला तरी जायचं. माण-खटावात पावसाळ्यातलेही बहुतेक दिवस कोरडेच जातात. बाटली रिकामी, वहीत शून्य. चार दिवस शून्य, पाच दिवस शून्य. कंटाळून एकानं विचारलं, "सर, आभाळात ढग नाही, शून्यच असणार. जायचं कशाला?" त्यावर सर म्हणाले ते वाक्य मी माझ्या हाताखाली काम शिकलेल्या प्रत्येक मुलाला सांगितलं आहे : "शून्यसुद्धा जाऊन लिहायचं."

या वाक्याचा अर्थ मला लगेच कळला असं नाही. कळायला मला एक चूक करावी लागली.

१९७७ चा ऑगस्ट. माझी पाळी. शनिवारी सकाळी मामाच्या गावाला गेलो आणि रविवारी संध्याकाळी आलो. आमची वाडी शाळेपासून तीन किलोमीटर. वाडीवर दोन दिवसांत थेंब पडला नव्हता, आईला विचारून खात्री केली होती. सोमवारी शाळेत आलो, बाटली बघितली तर पाणी. मोजलं, ११ मिलिमीटर. वहीत लिहिलं : शनिवार ०, रविवार ०, सोमवार ११.

दुपारी सरांनी वही बघितली आणि मला बोलावलं.

"काल रात्री चांदणं होतं. हे अकरा मिलिमीटर कधी पडले?"

मी गप्प.

"शनिवारी कोण गेलं होतं?"

"सर, शनिवारी पाऊस पडलाच नाही. वाडीवर..."

"पाऊस पडला का, हे मी विचारलं नाही. कोण गेलं होतं?"

मी रडायच्या बेतात होतो. त्या काळी छडी ही रोजचीच गोष्ट होती, आणि मी हात पुढं केलाही होता. सरांनी पेन दिलं. म्हणाले, "दोन्ही शून्यांवर एकेक रेघ मार. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे. गिरवून काळं करायचं नाही. शेजारी लिही, 'नोंद नाही'. आणि सोमवारच्या आकड्यापुढं लिही, 'तीन दिवसांचा मिळून'. खाली सही कर." मी सही केली. आयुष्यातली माझी पहिली सही ती.

मग ते म्हणाले, "शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन बघितलं आणि काही नव्हतं. कोरी ओळ म्हणजे कुणी गेलंच नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरी ओळ ठेवायला लाजू नको."

इथवर एखादा चांगला, सज्जन शिक्षक आला असता. त्याच्या पुढचं जे त्यांनी केलं त्यासाठी मी त्यांना मानतो. त्यांनी वर्गाला विचारलं, "शाळेत अकरा मिलिमीटर आणि तीन किलोमीटरवरच्या वाडीत कोरडं. असं होतं का?" कुणी म्हणालं होतं, कुणी म्हणालं होत नाही. पुढच्या आठवड्यात लोहाराकडून दुसरं नरसाळं आलं. दुसरा डबा आमच्या वाडीवर, मारुतीच्या देवळामागच्या मोकळ्या जागेत पुरला गेला. माझी चूक शाळेचा एक नवा प्रश्न झाली. दसऱ्यापर्यंत दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा एकूण पावसात चाळीस मिलिमीटरहून जास्त फरक निघाला. पर्जन्यछायेतला पाऊस असाच तुटक असतो, एका शिवारात ओला आणि बांधापलीकडं कोरडा. हे पुस्तकात नव्हतं. ते आम्ही शोधलं होतं, आणि सरांनी ते तसंच मांडलं. "या मुलांनी मोजलं आहे," असं त्यांनी शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही सांगितलं.

त्याच वर्षी आणखी एक प्रसंग. पुस्तकातला आमच्या भागाच्या वार्षिक पावसाचा आकडा आणि आमचा आकडा जुळेना. आम्ही आमचा आकडा खोडून पुस्तकातला लिहायला निघालो होतो. सरांनी दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले. म्हणाले, "पुस्तकातला आकडा पुष्कळ वर्षांची सरासरी आहे. तुमचा एका वर्षाचा आहे. दोन्ही खरे. सरासरीइतका पाऊस बरोबर कुठल्याच वर्षी पडत नाही." सरासरीवर विसंबून विहीर खोदणारे, बाग लावणारे, कर्ज काढणारे लोक मी पुढं शेकड्यानं पाहिले. प्रत्येक वेळी मला तो फळा आठवला.

आमच्या वर्गात चाळीस मुलांत सहा मुली. पाळ्या मुलींनाही होत्या, आणि त्यावरून गावात थोडं बोललंही गेलं. सरांनी लक्ष दिलं नाही. शाळेजवळ राहणारी एक मुलगी होती. दोन वर्षांत तिच्या पाळीत एकही कोरी ओळ नाही. तिचे आकडे मोत्यासारखे, आणि पाऊस किती वाजता सुरू झाला तेही ती समासात लिहायची. तिनं कुणाच्या सांगण्यावरून ते लिहिलं नव्हतं. दहावी झाली आणि तिचं लग्न झालं. माझ्या व्यवसायात माझ्याहून चांगलं काम तिनं केलं असतं, असं मला अगदी मनापासून वाटतं. सरांना त्याची फार हळहळ होती. तुमच्या वर्गात तशी मुलगी असेल तर तिच्या घरी एकदा जाऊन या.

वर्धनगडावरची सहल नववीतली. सहल म्हणजे भाकरी बांधून चालत जाणं. गडावरून पश्चिमेला कोरेगावचं खोरं दिसतं, पूर्वेला आमचं. सरांनी कड्यावर उभं करून विचारलं, "इथं एक थेंब पडला आणि फुटला. अर्धा तिकडं गेला, अर्धा इकडं आला. ते दोघं पुन्हा भेटतात का?" उत्तर सांगितलं नाही. घरी नकाशा बघा म्हणाले. चार दिवस आम्ही शाळेतल्या जिल्ह्याच्या नकाशावर बोटं फिरवत होतो. पश्चिमेचं पाणी वसना नदीतून कृष्णेला जातं, ते लवकर सापडलं. पूर्वेचं येरळेत. येरळा खटावातून, मायणीकडून खाली सांगली जिल्ह्यात उतरते. आमच्याकडच्या नकाशात ती जिल्ह्याच्या हद्दीवर संपत होती. मग सरांनी कुठून तरी सांगली जिल्ह्याचा नकाशा मिळवला आणि दोन नकाशे खळीनं जोडले. बोट ब्रह्मनाळला पोचलं. तिथं येरळा कृष्णेला मिळते. वर्धनगडावर ताटातूट झालेलं पाणी एवढ्या लांब जाऊन परत एक होतं, हे सापडल्यावर आम्ही वर्गात जो ओरडा केला तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला.

पर्जन्यछाया त्यांनी त्या गडावरच शिकवली. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीवर चढतो, चढताना गार होतो, गार हवेत बाष्प मावत नाही, म्हणून ते महाबळेश्वरला ओततो. डोंगर उतरताना तीच हवा पुन्हा तापते आणि कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, माणातल्या दहिवडीकडं जेमतेम पाचशे. आणि मधलं अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. "आपल्यावर देव रागावलेला नाही," सर म्हणाले, "आपण डोंगराच्या मागं राहतो." ७२ नंतर गावात देवाच्या कोपाच्या गोष्टी रोज ऐकणाऱ्या पोरांना या एका वाक्यानं केवढा धीर दिला, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग आपुन काय पाप केल्यालं न्हाई तर." ते ऐकून आई चुलीपुढून उठून बाहेर आली होती.

आता विहिरींकडं येतो, कारण माझं पोट त्यावर भरलं.

दहावीच्या वर्षी सरांनी गावातल्या चार विहिरी निवडल्या. प्रत्येकीच्या कठड्यावर एका दगडावर छिन्नीनं खूण केली. मोजायचं त्या खुणेपासूनच, कारण कठडा सगळीकडं सारखा नसतो. सुताची दोरी, दर मीटरला गाठ, टोकाला वजन. दोरीच्या खालच्या दोन मीटरवर फळ्याचा खडू घासायचा. दोरी पाण्यात बुडवून वर ओढली की खडू जिथवर भिजला तिथं रेघ स्पष्ट दिसते. आत कितीही अंधार असला तरी चालतं. शिक्षकाच्या खिशातल्या खडूनं विहिरीची पातळी मोजता येते हे मी तिथं शिकलो, आणि पुढं महागडी यंत्रं हाताशी असतानाही ती बंद पडली की याच पद्धतीनं काम केलं. मोजायचं पहाटे, मोट किंवा इंजिन सुरू व्हायच्या आत. उपसा चालू झाला की पातळी खाली जाते आणि तुम्ही विहिरीचं पाणी न मोजता इंजिनाचा उपसा मोजता.

मेअखेरीस एक माप, दिवाळीच्या सुमारास एक माप. दोन मापांतला फरक म्हणजे पावसाळ्यानं जमिनीला काय दिलं त्याची पावती. एक विहीर अडीच मीटर चढली होती, दुसरी जेमतेम एक. सर म्हणाले, "शेजारी-शेजारी असून असं का?" आम्ही विहिरीच्या आत उतरून खडक बघितले. वर मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे बारीक पोकळ्यांचा मऊसर खडक, खाली काळा कठीण पाषाण, एका विहिरीत मधे तांबडा गेरूचा पट्टा. चढलेल्या विहिरीत मांजऱ्या जाड होता. सरांना याचं भूशास्त्र पूर्ण माहीत नव्हतं, आणि तसं ते म्हणाले. "एवढ्यापुढं मला येत नाही. ज्याला यायचं असेल त्यानं भूशास्त्र शिकावं." मी शिकलो. मला या व्यवसायात आणणारं वाक्य तेच. एखाद्याला पुढं पाठवायचं असेल तर आपली हद्द कुठं संपते ते दाखवावं लागतं, आणि ते त्यांनी अजिबात न अडखळता दाखवलं.

त्या अडीच मीटरचा हिशोब मला पुढं मांडता आला, तो तुमच्या मुलांसाठी इथं देतो. आपल्या काळ्या पाषाणात आणि मुरमात पाणी साठवायची जागा फार थोडी, ढोबळमानानं शंभरात एक ते तीन हिस्से. दोन टक्के धरा. पाचशे मिलिमीटर पावसातला साधारण दहावा हिस्सा जमिनीत मुरला तर तो ५० मिलिमीटर. हे ५० मिलिमीटर दोन टक्के पोकळीत भरायचे म्हणजे पाणी पन्नासपट उंच चढणार : अडीच मीटर. पंपानं तेवढंच उपसलं की तेवढंच उतरणार. विहीर तुडुंब दिसली म्हणजे पाणी पुष्कळ आहे असं आपल्या खडकात समजता येत नाही, ते याचमुळे. हा हिशोब कळलेला नववीतला मुलगा घरी जाऊन बापाला दुसरा ऊस लावू देणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, परिणाम टिकतो का. २००३ च्या दुष्काळातली एक गोष्ट सांगतो. एका कामावर मला चाळीस विहिरींच्या पातळ्या द्यायच्या होत्या. चौतीस मोजल्या. सहांपर्यंत पोचता आलं नाही. कुठं मालक गावी नव्हता आणि जाळीला कुलूप, कुठं रात्रंदिवस पंप चालू. मुदत संपली होती. मला सांगण्यात आलं की आजूबाजूच्या विहिरींची सरासरी काढून ती सहा घरं भरून टाका, कोण बघायला येतंय. मी "नोंद नाही" लिहिलं. बोलणी बसली, बिल काही महिने अडकलं. घरात त्या वर्षी मुलीची फी भरायची होती, त्यामुळे निर्णय सोपा नव्हता. पण लेखणी टेकवली की १९७७ ची ती दुपार समोर यायची आणि "कोण गेलं होतं?" हा बारीक आवाजातला प्रश्न. पुढच्या खेपेला त्या सहाही विहिरी मी मोजल्या. दोन पार कोरड्या होत्या. सरासरी भरली असती तर त्या दोन वस्त्यांना कागदावर पाणी असतं आणि टँकर आला नसता.

त्याच कामाचा नकाशा घेऊन मी सरांकडं गेलो. ते निवृत्त होऊन साताऱ्याला मुलाकडं राहत होते. आभार मानायचे असं ठरवून गेलो होतो, वाटेत एसटीत वाक्यंही जुळवली होती. त्यांनी मला ती बोलू दिली नाहीत. चष्मा लावून नकाशा टेबलावर पसरला आणि बराच वेळ बोट फिरवत राहिले. वर्धनगड आला, येरळा आली. मग बोट थांबलं.

"ही सहा ठिकाणं कोरी का?"

"नोंद नाही, सर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बरं केलंस," म्हणाले. आणि सुनेला हाक मारून चहा सांगितला.

मला मिळालेला तेवढा मोठा सन्मान दुसरा नाही.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. जिहे-कठापूर योजनेचं पाणी कृष्णेतून उचलून वर्धनगडाच्या डोंगरातून बोगद्यानं नेर तलावात आलं, तेव्हा मी बघायला गेलो होतो. ज्या कड्यावर उभं करून त्यांनी थेंब दोन बाजूंना फुटतो असं सांगितलं, त्याच डोंगराच्या पोटातून पश्चिमेचं पाणी पूर्वेला येत होतं. कृष्णेचं आणि येरळेचं पाणी आता ब्रह्मनाळपर्यंत वाट बघत नाही, नेरलाच भेटतं. हे त्यांना सांगायला मी नेहमीप्रमाणे मनात वाक्य जुळवलं आणि मग आठवलं की ऐकायला ते नाहीत. तलावाच्या भरावावर बराच वेळ बसून होतो.

म्हणून एक विनंती. तुमचे स्वतःचे कुणी शिक्षक हयात असतील तर त्यांना भेटायला जाताना हार-नारळ न्याच, पण तुम्ही केलेलं एखादं कामही घेऊन जा. मुलांच्या वह्या न्या. त्यांना वाचायला द्या आणि शेजारी बसा.

साताऱ्याच्या त्या वेळच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर या मुलाच्या प्रवेशाची नोंद आहे. त्यामुळेच आपण आज तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या ओळीचं पुढं काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं, तरी तारीख त्यानं नीट लिहिली. मुलांना वहीचं महत्त्व सांगताना मी हे उदाहरण देतो. तुम्हालाही उपयोगी पडेल.

तुम्ही काय कराल? सगळं एकदम करू नका. या जूनला एकच डबा पुरा. नरसाळं बाजारात प्लॅस्टिकचं मिळतं, फक्त तोंडाचा व्यास पट्टीनं मोजून घ्या. मोजायला सरळ बुडाची, सरळ काचेची बाटली. पाळ्या मुलांनाच लावू द्या. पहिल्या महिन्यात कुणीतरी घरबसल्या आकडा लिहिणार, हे धरून चाला. तेव्हा रागावू नका, एकच रेघ मारायला सांगा. मुलांचा आकडा मोबाइलवर दिसणाऱ्या पावसाच्या आकड्याशी जुळला नाही तर मुलांचा खोडू नका. मोबाइलवरचा आकडा बहुधा तुमच्या मैदानातला नसतो. दोन्ही फळ्यावर लिहा आणि फरक का, ते मुलांना विचारा. उत्तर तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा. वह्या रद्दीत देऊ नका. दर वर्षीची वही शाळेच्या कपाटात ठेवा आणि बदली झाली तर पुढच्या शिक्षकाच्या हातात द्या. आमच्या शाळेतल्या वह्या कपाट बदलताना गेल्या, त्याचं दुःख मला आजही आहे. दहा वर्षांचा सलग पाऊस एखाद्या गावाकडं असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते माझ्यासारख्या माणसाला विचारा.

मुलांना विहिरीत उतरवू नका. आम्ही उतरलो, तो काळ वेगळा होता आणि आज मी तसं कुणाला करू देणार नाही. कठड्यावरून, मोठं माणूस सोबत असताना, दोरी सोडणं पुरेसं आहे.

चार विहिरी तुमच्या मुलांना निवडू द्या. दोन ओढ्याकडच्या, दोन माळावरच्या, आणि मालकांची परवानगी मुलांनीच मागावी. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी येतो, पहाटे साडेपाचला, मोटारी सुरू व्हायच्या आत. मोजपट्टी माझ्याकडं आहे. खडू तेवढा तुमच्या वर्गातला असू द्या.